थोरली देवी, धाकटी माता

फाल्गुन सरत आला की जबलपूरच्या उन्हास धार चढू लागते. खमरियाच्या वसाहतीतील कडुलिंबांची जुनी पाने गळून तांबूस कोवळी पालवी फुटते, शाळांतून वार्षिक परीक्षांचे वेळापत्रक लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोणत्या तरी घराच्या दारावर कडुलिंबाचा एक डहाळा टांगलेला आढळतो. त्या डहाळ्याचा अर्थ खमरियात कोणास विचारावा लागत नाही. घरातील मुलाला 'छोटी माता' आलेली आहे, कामावाचून आत येऊ नये, एवढे तो न बोलता सांगतो. आपण मराठी माणसे ह्याच दुखण्यास कांजिण्या म्हणतो. परंतु दोन-तीन पिढ्या महाकोशलात काढलेल्या आमच्या घरांतूनही आता 'माता आली' हाच प्रयोग रूढ झाला आहे.

अलीकडे मात्र ह्या डहाळ्याबरोबर आणखी एक प्रश्न घरात शिरू लागला आहे. कांजिण्यांवर लस निघालेली आहे. ती मुलास टोचवून घ्यावी की नाही? आजी म्हणते, लहानपणी येऊन गेलेली बरी. आई डॉक्टरांचा सल्ला सांगते. बाप किंमत विचारतो. निर्णय मात्र होत नाही, आणि तो होईपर्यंत पुष्कळदा माताच दारात उभी राहते. हा प्रश्न आजचा वाटला तरी त्याची मुळे फार जुनी आहेत. मुलाच्या अंगावरील पुरळ आणि दंडावरील टोचा ह्यांविषयी निर्णय कोणी करावयाचा, ह्यावर आपल्या देशात दोनशे वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. त्या वादाचा इतिहास ध्यानी घेतला तर घरातील हा प्रश्न थोडा सोपा होईल असे आम्हांस वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम खमरियाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. जबलपूरशी मराठी माणसाचा संबंध तसा जुना. गढा-मंडल्याच्या गोंड राजांकडून हा मुलूख १७८१ साली सागरच्या मराठ्यांकडे आला, पुढे १७९८ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती पडला. त्यानंतरही १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती. त्यामुळे विदर्भातील माणसाला जबलपूर परदेश वाटले नाही. येथे तोफगाड्यांचा कारखाना १९०४ साली निघाला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत शहराच्या पूर्वेस खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती क्वार्टरांची वसाहत वसली. पुण्याजवळच्या खडकीचा असाच कारखाना १८६९ पासूनचा. तेव्हा खडकीहून खमरियास आणि खमरियाहून खडकीस बदली होणे हे कित्येक मराठी घरांचे प्राक्तन ठरले. २०२१ साली देशभरातील ह्या कारखान्यांची सरकारी कंपन्यांत पुनर्रचना झाली. पण भोंग्याबरोबर उठणारी, एका भिंतीला दोन चुली असणारी ही वसाहत आपल्या वळणानेच चालली आहे. ह्या भिंतीच्या एका बाजूस वर्ध्याचे कुटुंब, दुसऱ्या बाजूस बुंदेलखंडचे, समोर बंगाली आणि मागे तेलुगू. मुले एकाच मैदानावर खेळतात. कोणाच्याही घरातील पुरळ सबंध ओळीचे होण्यास फार दिवस लागत नाहीत.

गंमत अशी की, स्वयंपाकापासून सणांपर्यंत सर्व बाबतींत भिन्न असलेल्या ह्या घरांचे मातेच्या बाबतीत मात्र बहुतेक एकमत असे. घरात फोडणी द्यावयाची नाही, केस कापावयाचे नाहीत, पाहुणा येऊ द्यावयाचा नाही, मुलाच्या अंथरुणाशी कडुलिंबाची पाने ठेवावयाची, आणि खपल्या धरल्यावर त्याच पानांच्या पाण्याने न्हाऊ घालावयाचे. ह्या आचारांमागील श्रद्धा बाजूस ठेवली तरी त्यांत एक व्यवहार होता. आजारी मूल घरात राही, बाहेरचे बाहेर राहत, आणि दारावरील डहाळा शेजाऱ्यांस सावध करी. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस सुरू होतो आणि सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत टिकतो, हे आधुनिक वैद्यक सांगते. पहिले दोन दिवस डहाळ्याच्या हाती नव्हते. पुढचे दिवस तो आपले काम चोख बजावीत असे.

ह्या घरांत भेद दिसे तो शीतलेच्या सणात. उत्तरेकडील शेजारणी चैत्राच्या आरंभी शीतलेचा बसौडा पाळतात. त्या दिवशी चूल न पेटवता आदल्या दिवशीचे थंड अन्न खातात. आमच्या घरांतून शीतळासप्तमी येते ती श्रावण शुद्धात. त्या दिवशी वाचली जाणारी कहाणी वाचकांस परिचित आहेच. राजाने तळे बांधले, त्याला पाणी लागेना. जलदेवतांनी थोरल्या सुनेचा मुलगा मागितला. सून कबूल होणार नाही हे जाणून तिला माहेरी पाठविण्यात आले आणि तिच्या पाठीमागे मूल तळ्यात नेऊन ठेवले गेले. पुढे सुनेने त्याच तळ्याकाठी सप्तमीचे व्रत केले आणि तिचे मूल तिला परत मिळाले. लहानपणी ऐकताना आम्हांस त्या पाण्याचे आणि परत आलेल्या मुलाचे नवल वाटे. आता वाटते ते निराळेच. गावाच्या हितासाठी मुलाविषयी निर्णय झाला आणि आईला मात्र कोणी विचारले नाही. लसीच्या इतिहासात हा प्रसंग निरनिराळ्या वेषांत पुन्हा पुन्हा येतो.

थोरली देवी आणि धाकटी माता ह्या बहिणी आहेत असे लोक मानीत आणि वैद्यांनाही पुष्कळ काळ तसेच वाटे. प्राचीन आयुर्वेदग्रंथांत मसुरेएवढ्या पुळ्यांचा रोग म्हणून मसूरिकेचे वर्णन आहे. पुढे भावप्रकाशात शीतला हे नाव येते. युरोपातही दोहोंची गल्लत होती. १७६७ साली विल्यम हेबर्डन ह्या इंग्रज वैद्याने लंडनच्या वैद्यसभेपुढे निबंध वाचून देवी आणि कांजिण्या हे स्वतंत्र रोग असल्याचे स्पष्ट केले. हा भेद केवळ पंडिती नव्हता. ज्याला कांजिण्या होऊन गेल्या तो आपल्याला देवी येऊन गेल्या असे समजून निर्धास्त राही आणि पुढे खऱ्या देवींना बळी पडे. आज आपण जाणतो की हे दोन विषाणू दूरच्या नात्याचेही नाहीत. देवींचे फोड चेहरा व हातपाय ह्यांवर दाट, तळहात-तळपायांवरसुद्धा, आणि एका जागचे सर्व एकाच अवस्थेतले. कांजिण्यांचे फोड छाती-पाठीवर दाट आणि टप्प्याटप्प्याने येणारे. म्हणून एकाच वेळी कोठे लाल ठिपका, कोठे पाण्याचा फोड आणि कोठे खपली. देवी मुलांना मारीत, आंधळे करीत. कांजिण्या बहुधा वण ठेवून निघून जात. म्हणूनच एकीचे नाव 'मोठी' आणि दुसरीचे 'छोटी' पडले.

थोरलीवरचा उपाय आधी सापडला. एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी गाईच्या देवींची लस एका आठ वर्षांच्या मुलास टोचली. ती लस हिंदुस्थानात पोचली ती बगदाद-बसऱ्याच्या वाटेने, आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल ह्या मुलीच्या दंडावर यशस्वी झाली. तिच्या फोडातील द्रव घेऊन इतर मुलांना टोचण्यात आले आणि तेथून ती पुणे, सुरत, हैदराबाद अशी देशभर पसरली. तेव्हा लस साठविण्याची सोय नव्हती; एका मुलाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात असाच तिचा प्रवास चाले. परक्या जातीच्या मुलाचा द्रव आपल्या मुलाच्या अंगात जाणार, आणि मग आपल्या मुलाचा फोड पुन्हा उकलून दुसऱ्यांसाठी द्रव काढणार, हे आईबापांना रुचत नसे. त्या नकारास केवळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. मुलाला खरोखरच वेदना होत, आणि ह्या रीतीने दुसरे रोग पसरण्याचा धोकाही असे. पुढे वासराच्या अंगावर वाढविलेली लस प्रचारात आली तेव्हा ही अडचण दूर झाली.

पण तोवर कायदा आला होता. मुंबई इलाख्यात १८७७ साली आणि त्यानंतर १८८० साली हिंदुस्थान सरकारच्या कायद्याने ठराविक नगरपालिका व लष्करी छावण्या ह्यांत मुलांना देवी काढणे सक्तीचे करण्याची सोय झाली. खेड्यापाड्यांत 'देवी डॉक्टर' फिरू लागला आणि तो आल्याची वर्दी लागताच आया मुले घेऊन माळ्यावर लपू लागल्या. कहाणीतील राजाप्रमाणेच सरकारने गावाच्या हितासाठी निर्णय घेतला होता. निर्णय योग्य होता. विचारण्याची रीत मात्र नव्हती.

ह्याच्या उलट बाजूचे, म्हणजे सक्ती नसताना मनाच्या निष्ठेने लस नाकारल्याचे, एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे आणि ते सांगताना मन जड होते. महात्मा गांधींचा देवीच्या लशीस विरोध होता. आरोग्यावरील आपल्या पुस्तकात त्यांनी तो स्पष्ट मांडला होता. साबरमतीच्या आश्रमातील कित्येक कुटुंबांनी त्यांच्या मताचा आदर करून मुलांना टोचविले नव्हते. १९३० च्या आरंभी आश्रमात देवींची साथ आली आणि तीन मुले दगावली. त्यांतील एक मूल पंडित नारायण मोरेश्वर खरे ह्यांचे होते. पलुसकरांचे शिष्य असलेले हे मराठी गायक आश्रमाच्या प्रार्थनेचे सूर सांभाळीत असत. मुलाच्या मृत्यूला फार दिवस झाले नव्हते, तोच १२ मार्चला दांडीयात्रा निघाली आणि पंडितजी तंबोरा घेऊन तिच्यात चालले. गांधीजींना त्या मुलांच्या मृत्यूची जबाबदारी आपल्या माथी आहे असे वाटत होते. आपले मत त्यांनी सोडले नाही, परंतु ज्या आईबापांना लस टोचवावयाची असेल त्यांनी आपल्या मताखातर थांबू नये असे त्यांनी बजावले. त्यागाच्या तेजाने ही कथा उजळली आहे हे खरे. तरीही त्या मुलाचा विचार मनातून जात नाही. मोठ्यांच्या तत्त्वाचे मोल त्याने दिले, आणि त्याला तर कोणीच विचारले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९६२ साली देवीनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि येथे आपण पुन्हा आमच्या प्रदेशात येतो. १९७३ च्या शरदात जी मोठी शोधमोहीम निघाली ती उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि मध्यप्रदेश ह्या चार राज्यांत. कारण देवींचे ठाण ह्याच राज्यांत उरले होते. ज्यांचे बालपण त्या वर्षांत गेले त्यांना देवी आलेल्या मुलाचे चित्र असलेले कार्ड दाखवीत घरोघर फिरणारे कर्मचारी आठवत असतील. 'ताप येऊन अंगावर फोड आलेले कोणी आहे काय?' हा त्यांचा प्रश्न. शोधात सापडे ती बहुधा धाकटी माता. पण थोरली तिच्या आड लपलेली नाही ना, हे पाहणे अवश्य होते. म्हणून कांजिण्यांच्या रोग्यांनाही निरखून पाहिले जाई, आणि कांजिण्यांनी कोणी दगावल्याची वार्ता आली तर विशेष चौकशी होई. देवींचा रोगी दाखविणाऱ्यास मिळणारे बक्षीस वाढत वाढत एक हजार रुपयांपर्यंत गेले. मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज येथे देशातील शेवटचा रोगी आढळला. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय आयोगाने मान्य केले आणि ८ मे १९८० रोजी सारे जगच मुक्त झाल्याची घोषणा झाली.

ह्या मोहिमेतून लोकमानसात एक उलटा परिणामही शिल्लक राहिला. देवी टोचलेल्या मुलालाही कांजिण्या येत. ते पाहून 'टोचूनही माता आलीच' असे घरोघर म्हटले जाई. एका रोगाची लस दुसऱ्यावर चालत नाही हे कोणी समजावून सांगितले नाही तर असा ग्रह होणारच. शिवाय थोरली गेल्यावर धाकटीचा धाक उरला नाही. आमच्या आयांच्या दंडावर देवीचे वाटोळे वण आहेत; आमच्या मुलांचे दंड त्या वणावाचून वाढले. भय गेले ही गोष्ट चांगलीच. पण भयाबरोबर लस घेण्याची निकडही गेली.

आणि नेमक्या त्याच काळात धाकटीवरचा उपाय निघाला. मिचिआकी ताकाहाशी हे जपानी वैद्य १९६४ च्या सुमारास अमेरिकेत असताना त्यांच्या लहानग्या मुलाला कांजिण्यांनी घेरले आणि आईबापांनी त्याच्या उशाशी रात्री जागून काढल्या. मायदेशी परतल्यावर त्यांनी ह्या विषाणूवर काम आरंभिले आणि १९७४ साली लस प्रसिद्ध केली. ज्या मुलाच्या फोडातून तो विषाणू घेतला त्याच्या 'ओका' ह्या आडनावाने ती आजही ओळखली जाते. एका बापाच्या रात्रीच्या जागरणातून ही लस निघाली, हे आईबापांनी विसरू नये. अमेरिकेने १९९५ पासून ती सर्व मुलांना देण्यास आरंभ केला; खुद्द जपानने नित्याच्या कार्यक्रमात ती घेतली २०१४ साली; इंग्लंडच्या सल्लागार समितीने २०२३ साली तिची शिफारस केली.

मग आपले सरकार ही लस का देत नाही, असा प्रश्न वाचक करतील. १९८५ साली सुरू झालेल्या आपल्या सार्वत्रिक लसीकरणाच्या यादीत हळूहळू पुष्कळ भर पडली, पण कांजिण्यांची लस तीत आलेली नाही. त्याला कारणे आहेत. पैसा मर्यादित असता अधिक मुले मारणाऱ्या रोगांना अग्रक्रम द्यावा लागतो. दुसरे कारण सूक्ष्म आहे. अर्ध्यामुर्ध्या मुलांनाच लस मिळाली तर विषाणू फिरणे थांबत नाही, मात्र त्याचा वेग मंदावतो. परिणामी लस न घेतलेली मुले लहानपणी सुटून तरुणपणी त्याच्या तावडीत सापडतात, आणि प्रौढपणी हा रोग अधिक तीव्र होतो. म्हणून किमान ऐंशी टक्के मुलांपर्यंत पोचता येत असेल तरच हा कार्यक्रम हाती घ्यावा असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. दुसऱ्या बाजूस आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना लशीच्या दोन मात्रांची शिफारस करते. सरकार सक्ती करीत नाही, मनाईही करीत नाही. थोरल्या देवीच्या बाबतीत जो निर्णय कायद्याने आईबापांच्या हातून काढून घेतला होता, तो धाकटीच्या बाबतीत पूर्णपणे त्यांच्याच पदरात टाकला गेला आहे, आणि लशीचा खर्चही.

तेव्हा आता आजीच्या बोलण्याकडे वळू. लहानपणी येऊन गेलेली बरी, ह्यात सत्याचा अंश आहे. मुलांना हा रोग बहुधा सौम्य होतो आणि एकदा झाल्यावर सहसा पुन्हा होत नाही. त्याच विश्वासाने कित्येक घरांत आजारी भावंडाशेजारी निरोगी भावंडास मुद्दाम निजवीत असत. परंतु 'बहुधा' ह्या शब्दात अपवाद दडलेले असतात. फोड चिघळणे, फुप्फुसांस सूज येणे, क्वचित मेंदूपर्यंत विकार पोचणे, हे निरोगी मुलांतही घडते आणि कोणत्या मुलात घडेल ते आधी सांगता येत नाही. शिवाय विषाणू अंगातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर येतो. आजीच्या कमरेला ज्या नागिणीने महिनाभर आग लावली, ती तिच्याच बालपणीची धाकटी माता होती.

आणि विचार आपल्याच मुलाचा करून भागत नाही, कारण खमरियात भिंत सामाईक असते. पलीकडच्या क्वार्टरात दिवस भरलेली सून असू शकते. बाळंतपणाच्या आगेमागे आईला कांजिण्या झाल्या तर नवजात बालकाच्या जिवावर बेतते. समोरच्या घरात कर्करोगाचे उपचार घेणारे गृहस्थ असू शकतात. त्यांना आणि गर्भवतीला ही लस घेता येत नाही, कारण तिच्यात जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. त्यांचे रक्षण भोवतीच्या मुलांनी केले तरच होते. दारावरचा डहाळा शेजाऱ्यासाठी टांगला जात असे. लशीतही तोच शेजारधर्म आहे.

आमचे मत विचाराल तर ज्यांना परवडते त्यांनी ती वेळेवर घ्यावी, दोन्ही मात्रा पुऱ्या कराव्या, आणि भावंडास किंवा शेजारच्या मुलास कांजिण्या झाल्याचे कळताच डॉक्टरांस विचारावे; संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांच्या आत टोचल्यासही रोग टळू शकतो किंवा सौम्य होतो. ज्यांच्या घरी माता आलीच असेल त्यांनी मुलाला घरी ठेवावे, नखे कापावी, आणि तापासाठी ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. कांजिण्यांत ते मुलांच्या यकृतास व मेंदूस घातक ठरू शकते. श्वास लागला, मूल गुंगीत गेले किंवा ताप हटेना, तर मातेचा कोप होईल ह्या भयाने डॉक्टरांस बोलावण्याचे टाळू नये. कडुलिंबाचा डहाळा खुशाल टांगावा. त्याने कोणाचे वाईट केलेले नाही.

कहाणीतील सुनेला तिच्या मुलाविषयी कोणी विचारले नाही. देवी डॉक्टर आला तेव्हा माळ्यावर लपलेल्या आईलाही कोणी विचारले नाही. आज प्रथमच आईला विचारले जात आहे, आणि कोणी सक्ती करणारा नाही. हे स्वातंत्र्य थोडे जड आहे. पण थोरल्या देवीला ह्या देशातून घालविण्यासाठी ज्यांनी घरोघर पायपीट केली, आणि ज्यांची मुले ती जाण्यापूर्वी गेली, त्या सर्वांचे ऋण त्यात आहे. येत्या फाल्गुनात पालवी फुटण्याआधी खमरियाच्या घरांतून, आजी, आई आणि बाप एकत्र बसून, हा निर्णय व्हावा एवढीच आमची इच्छा आहे.